कासव आणि भुंगेरा: तुलना पाठीपासून सुरू करा

समुद्री कासव आणि जमिनीवर पळणारा भुंगेरा यांची तुलना करायला दिली की मुलं लगेच दोन रकाने आखतात आणि 'कासव मोठं, भुंगेरा छोटा' असं लिहून मोकळी होतात. खोटं नाही, पण त्यातून हाती काय लागलं? मी त्यांना आधी पाठ बघायला लावते. दोघांचीही टणक असते, आणि फसगत तिथेच होते.

कासवाच्या सांगाड्याचं चित्र आतल्या बाजूने बघा. मधोमध मणक्यांची रांग कवचाला जोडलेली, तिथून दोन्हीकडे पसरट बरगड्या. कवच म्हणजे सांगाडाच, त्यातून कासव बाहेर येणार कसं? (हाडांवर केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांत असतो त्याच पदार्थाचे, खवले असतात, लेदरबॅक कासवावर मात्र नुसती चिवट कातडी.) आता मेलेला भुंगेरा भिंगाखाली ठेवा. पाठीवर मधोमध सरळ रेघ दिसेल. टाचणीने तिथे अलगद उचकटा: कवच वाटत होतं ती पंखांची पुढची जोडी निघेल. खाली घडी घातलेले उडायचे पंख असतील, नाहीतर नुसते खुंट, कारण या कुळातल्या कित्येक जातींना उडताच येत नाही. काहींचे हे टणक पंख एकमेकांना चिकटलेलेच असतात, तेव्हा जोर लावू नका. हाड कुठेच सापडणार नाही. सगळा आधार बाहेरच्या कायटिनच्या (कीटकांच्या अंगावरच्या टणक पदार्थाच्या) आवरणाचा.

मग वाढ कशी होते ते विचारा. कासवाचं पिल्लू म्हणजे छोटं कासवच, त्याच्या हाडांबरोबर कवचही वाढतं. भुंगेऱ्याची अळी कात टाकत वाढते, कोषात जाते, आणि कोषातून निघालेला भुंगेरा शेवटपर्यंत तेवढाच राहतो. लहानसा भुंगेरा दिसला म्हणून 'पिल्लू' लिहू नका. दर वर्षी कुणीतरी लिहितंच!

श्वसनाला दोन ओळी पुरेत. कासवाला फुप्फुसं, म्हणून ते पाण्यावर येतं. भुंगेऱ्याच्या कुशीला छिद्रं. तिथून बारीक नळ्या हवा थेट पेशींपर्यंत नेतात, त्यामुळे ऑक्सिजन वाहण्यासाठी त्याला रक्त लागत नाही.

राहिला आडवा छेद. कासवाचा मुख्य चेतारज्जू पाठीकडे, हृदय पोटाकडे. भुंगेऱ्यात बरोबर उलट. म्हणून भुंगेऱ्याचा छेद उलटा धरून कासवाच्या छेदाशेजारी ठेवा, मांडणी जुळलेली दिसेल. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ एत्येन जॉफ्रॉय सेंट-इलेर यांनी १८२२ मध्ये शेवंड (लॉबस्टर) अशीच उलटी करून दाखवली होती. दोन्हीकडची मांडणी एकच, फक्त उलटी, या त्यांच्या कल्पनेला आधार मिळाला तो थेट १९९० च्या दशकात, जनुकांच्या अभ्यासातून.