ढेकूण बॅगेतून घरी येतो, त्याला दारातच कसं अडवावं

ऑडिटच्या कामामुळे महिन्यातले दहा-बारा दिवस मी मराठवाडा-विदर्भातल्या लॉजवर काढते. इतक्या वर्षांत ढेकूण घरी आणले ते एकदाच, पण ते घालवायला चार महिने लागले. तेव्हापासून ‘डांबरगोळ्या ठेव’ असला सल्ला कुणी दिला की माझं डोकं फिरतं.

ढेकूण घाणीतून उपजत नाही. त्याला पंख नसतात, उडी मारता येत नाही, आणि उवेसारखा तो अंगावर मुक्कामही करत नाही. रक्त पिऊन झालं की जवळच्या फटीत जाऊन बसतो. ती फट पलंगाची असेल तर तिथेच राहतो, तुमच्या बॅगेची असेल तर तुमच्याबरोबर एसटीत बसतो. महागडं हॉटेल असो की मंगल कार्यालयातली भाड्याच्या गाद्यांची थप्पी, फरक पडत नाही. अंड्यावर आलेली एकच मादी पुरते.

खोलीत शिरल्यावर

बॅग दाराशीच ठेवा, पलंगावर नाही. गादीची चादर उशाकडच्या कोपऱ्यातून उचला, मोबाइलचा टॉर्च लावा आणि शिवणीतून जुन्या एटीएम कार्डाची कड फिरवा. बॉलपेनने टिंबं दिल्यासारखे काळे डाग दिसले आणि ओल्या कापसाने ते विटकरी होऊन पसरले, तर ती ढेकणांची विष्ठा. सोबत फिकट पिवळी सालपटंही असतात. पूर्ण वाढलेला ढेकूण सफरचंदाच्या बीएवढा असतो. पलंगाच्या उशाची फळीही बघा. काही सापडलं तर खोली बदला, पण लगतची किंवा बरोबर वरची-खालची घेऊ नका.

मुक्कामात

बॅग चेन लावून मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून. ‘बाथरूमच्या गुळगुळीत फरशीवर ठेवा, ढेकूण चढत नाही’ हा सल्ला थंड देशांतल्या जातीवरून आलाय. आपल्याकडे जास्त करून आढळणारी सायमेक्स हेमिप्टेरस ही जात गुळगुळीत पृष्ठभागावर तिच्यापेक्षा बरीच चांगली चढते. अंगावरचे उतरवलेले कपडे खुर्चीवर टाकू नका, त्यांच्या वासाकडे ढेकूण ओढला जातो. तेही पिशवीत, गाठ मारून.

घरी आल्यावर

माझं चुकलं ते इथे. त्या खेपेला सगळे कपडे कडकडीत पाण्यात भिजवून धुतले आणि रिकामी ट्रॉली बॅग पलंगाशेजारच्या कपाटावर चढवली. तीन आठवड्यांनी नवऱ्याच्या दंडावर ओळीने लाल गांधी उठल्या. आम्ही डासांना शिव्या घातल्या, कारण माझ्या अंगावर काहीच नव्हतं. (काहींना चावल्याची खूणच उठत नाही, काहींना ती बऱ्याच दिवसांनी उठते. तेव्हा ‘मला तर काही चावलं नाही’ हा पुरावा धरू नका.) शेवटी बॅगेचं आतलं अस्तर सोडवलं. चाकांच्या खोबणीमागे, अस्तराच्या दुमडीत, तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी अंडी चिकटलेली होती.

म्हणून आता बॅग घरात येतच नाही, थेट बाल्कनीत जाते. कपडे तिथेच पिशवीत भरून धुवायला. पाणी 60 अंशांचं हवं, कोमट पाण्याने काही होत नाही. जे धुता येत नाही ते चार दिवस डीप फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांवर. मग बॅगेच्या प्रत्येक शिवणीवरून, चेनच्या पट्टीखालून, हँडलच्या नळीच्या तोंडाशी आणि चाकांच्या खोबणीत वाफेची इस्त्री अगदी सावकाश फिरवायची. घाई केली तर वरचं कापड तापतं आणि आतला ढेकूण जिवंत राहतो.

सासूबाई म्हणाल्या, ‘उन्हात टाक गं, आम्ही बाजा उन्हातच टाकायचो.’ बाजेच्या सांध्यांत त्या उकळतं पाणीही ओतायच्या, खरं काम त्या पाण्याचं होतं. मी भर मे महिन्यात बॅग गच्चीवर ठेवून पाहिली. वरचा भाग हाताला चटका देत होता, खालच्या बाजूचं अस्तर जेमतेम गरम. ढेकूण आणि अंडी खात्रीने मरायला 50 अंशांची उष्णता आतल्या दुमडीपर्यंत पोचावी लागते, आणि तोवर ढेकूण सावलीकडे सरकतो. मुंबईच्या जुलैत तर हा विषयच नको.

वाफ देऊन झाली की बॅग पुन्हा बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पुढच्या प्रवासापर्यंत. ‘महिनाभर बांधून ठेवली की उपाशी मरतात’ यावर विसंबू नका, ते उपाशीपोटी काही महिने काढू शकतात.

औषधांबद्दल

धान्यात टाकायच्या गोळ्या घरात ढेकणांसाठी कधीही वापरू नका. त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्याने बंद खोल्यांत माणसं मेली आहेत. रॉकेलही नको. दुकानातला स्प्रे ज्या ढेकणावर थेट पडतो त्यालाच फार तर मारतो, अंडी तशीच राहतात. पेस्ट कंट्रोलवाला एकाच फवारणीची गॅरंटी देत असेल तर दुसरा बघा, दोन आठवड्यांनी पुन्हा फवारावंच लागतं.

पंधराव्या दिवशी

अंडी साधारण 6 ते 10 दिवसांत फुटतात. म्हणून परतल्यानंतर पंधराव्या दिवशी स्वतःच्या गादीची उशाकडची शिवण तपासा, तसाच टॉर्च, तसंच कार्ड. माझं कार्ड पलंगाच्या खणातच असतं.