चित्रपटाच्या संवादांवर प्रकल्प करताय?

भाषाविज्ञानाच्या प्रकल्पासाठी चित्रपट घेतला की बहुतेक जण टाळ्यांची वाक्यं गोळा करत सुटतात. माझं मत विचाराल तर ती सोडून द्या. टाळीचं वाक्य प्रेक्षकाला उद्देशून असतं, समोरच्या पात्राला तिथे फारसं काम नसतं. माणसं कळतात ती किरकोळ देवाणघेवाणीत.

दोन-तीन मिनिटांचा प्रसंग पुरतो. छापील संहिता मिळाली तरी पडद्यावरचं बोलणं स्वतः कानांनी ऐकून उतरवा. सबटायटलवर तर विसंबूच नका, जागा कमी म्हणून त्यात ‘अगं’, ‘बरं का’, ‘हं’ गळतात आणि नेमका मजकूर तिथेच असतो. थांबणं, मध्येच तोडणं हेही लिहा. संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांनी रूढ केलेली चिन्हं सोपी आहेत : शांततेचे सेकंद कंसात, दोघं एकदम बोलले की चौकोनी कंस. काम कंटाळवाणं आहे, पण अर्धं विश्लेषण लिहितानाच होतं.

आता हा रचलेला प्रसंग बघा. धाकटा भाऊ बायकोसह आलाय.

‘दादा, आम्ही ठरवलंय, घर विकायचं.’
(2.0)
‘आम्ही?’
‘म्हणजे... आपण सगळ्यांनीच, रे.’
‘जेवून जाणार का तुम्ही?’

‘आम्ही’मध्ये दादा नाही. ते लक्षात येताच धाकटा ‘आपण’ म्हणून त्याला आत ओढतो, पण दोन सेकंद उशिरा. दादाचं उत्तर विषयाला धरून नाही. पॉल ग्राइस यांनी 1975 मध्ये मांडलेल्या संभाषणाच्या तत्त्वांपैकी सुसंगतीचं तत्त्व इथे उघडउघड मोडलंय, म्हणून ऐकणारा आडचा अर्थ शोधतो. शिवाय ‘तुम्ही’ हे दोघांसाठीचं अनेकवचन की दुरावा? दादाला विचारलं तर तो अनेकवचनच म्हणेल. पण ‘जाणार का’ म्हणून त्याने त्यांना पाहुणे करून टाकलंय. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी 1960 साली सर्वनामांमागे सत्ता आणि जवळीक असे दोन अक्ष दाखवले. मोठेपणाच्या जोरावर दादा ‘तू’ म्हणू शकतो, म्हणून त्याचं ‘तुम्ही’ जास्त बोचतं.

सिद्धांत आधी ठरवून त्यात प्रसंग कोंबू नका. प्रसंगात काय खटकतं ते आधी टिपा, मग त्याला कुठलं हत्यार लागतं ते पाहा. विनम्रतेचा सिद्धांत, म्हणजे समोरच्याचा मान राखायला माणसं बोलणं कसं सौम्य करतात त्याची मांडणी, प्रत्येक प्रबंधात दिसतो, गरज असो वा नसो.

तोंडी परीक्षेत एक प्रश्न बहुधा येतोच : हे पात्र बोलतंय की लेखक? सरळ सांगा की चित्रपटातलं अडखळणंही कुणीतरी निवडलेलं असतं, लेखकाने, नटाने किंवा संकलकाने. त्यामुळे ‘लोक असे बोलतात’ असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. ‘या दोघांचं नातं असं उभं केलंय’ एवढा मात्र ठामपणे काढता येतो, आणि प्रकल्पाला तेवढा पुरतो.