जपानी मुलांना इंग्रजी शिकवायला जाताय?

सगळ्यात आधी कागदपत्रांचं. जपानच्या शाळेत भाषाशिक्षक म्हणून 'इन्स्ट्रक्टर' व्हिसा हवा असेल, तर ती भाषा हेच शिक्षणाचं माध्यम असलेल्या शाळा-कॉलेजात तुमची किमान 12 वर्षं गेलेली असावी लागतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी कॉलेजची वर्षं धरून हा हिशोब अर्ज करण्याआधीच मांडावा.

निईगाताच्या एका माध्यमिक शाळेत मी सहायक इंग्रजी शिक्षिका आहे. मुलं बारा ते पंधरा वयाची, तास 50 मिनिटांचा. मुख्य शिक्षक जपानी असतात, त्यांना इथे 'जेटीई' म्हणतात. आज कुठला धडा, कोणतं व्याकरण, कोणता वर्ग परीक्षेच्या दडपणाखाली आहे, हे सकाळी शिक्षकखोलीत त्यांना विचारून घ्या. न विचारता खेळांची पोतडी घेऊन वर्गात गेलात तर त्यांचं वेळापत्रक कोलमडतं.

आता वर्गातली शांतता. प्रश्न विचारलात की मुलं खाली बघतील किंवा शेजाऱ्याशी कुजबुजतील. याचा अर्थ त्यांना येत नाही असा मुळीच नाही. चारचौघांत चुकायचं त्यांच्या जिवावर येतं. म्हणून एकट्याला उभं करू नका. आधी जोड्या पाडा, कोणी सुरुवात करायची ते 'जानकेन'ने, म्हणजे आपल्या दगड-कागद-कात्रीने, ठरू द्या. सगळे उभे राहतील, प्रश्नोत्तर झालं की जोडी खाली बसेल. दोन मिनिटांत वर्ग गजबजतो. त्यानंतर हात वर करायला सांगा, होतील.

उच्चारात खरी अडचण जोडाक्षरांची आहे. जपानीत बहुतेक व्यंजनांना स्वर चिकटलेला असतो, म्हणून 'स्ट्रीट' त्यांच्या तोंडी 'सुतोरीतो' होतो. 'पुन्हा म्हणा' असं दहादा सांगून उपयोग नाही. टाळ्या वाजवा. त्यांच्या पद्धतीने दीर्घ 'री'च्या दोन धरून पाच टाळ्या होतात, इंग्रजीत एकच. एका टाळीत शब्द बसवायला सांगितलं की मधले स्वर आपोआप गळतात. आपल्यालाही एक गृहपाठ आहे: मराठीत 'व' एकच, इंग्रजीत दोन. 'व्हेस्ट'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, 'वेस्ट'ला ओठ गोल करा. मुलं आपल्याच तोंडाकडे बघून शिकतात.

वाक्यरचनेत मात्र मराठी माणसाचं पारडं जड आहे, हे मी आवर्जून सांगते. 'मी आंबा खातो' यात क्रियापद शेवटी, जपानीतही शेवटी. इंग्रजीतली 'अ' आणि 'द' ही उपपदं दोन्हीकडे नाहीत. मूल कुठे अडखळणार हे आपल्याला आतून कळतं, कारण तीच उलटापालट आपणही केलेली असते. इथल्या फळ्याला चुंबक चिकटतात. कर्ता, कर्म आणि क्रियापद वेगवेगळ्या रंगांच्या कार्डांवर लिहा, आधी जपानी क्रमाने लावा आणि मग एका मुलाला क्रियापद उचलून मधे आणायला सांगा. नियम समजावण्याआधी हात ते काम करू देत.

'समजलं का?' असं विचारू नका. उत्तर नेहमी होच येतं. त्याऐवजी नवीन वाक्य करायला द्या.

दुपारचं जेवण, 'क्यूशोकू', वर्गातच मुलांबरोबर जेवा आणि नंतरच्या साफसफाईत झाडू हातात घ्या. वर्गात गप्प बसणारी मुलं तिथे तुम्हाला इंग्रजीतून विचारतात.

तिसऱ्या वर्षाची मुलं हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेच्या चिंतेत असतात. त्यातली बरीच 'एइकेन' या इंग्रजीच्या परीक्षेची तिसरी श्रेणीही देतात, तिच्यात लेखीनंतर तोंडी मुलाखत असते. मधल्या सुट्टीत तिची तालीम घ्या: दार वाजवणं, नमस्कार, छोटा उतारा मोठ्याने वाचणं आणि मग पाच प्रश्न. पहिले तीन उतारा आणि चित्रावरचे असतात, ते पाठांतराने जमतात. शेवटचे दोन स्वतःबद्दलचे, तिथे मुलं अडतात. सगळा वेळ त्या दोघांवर घालवा. उत्तर एका शब्दात आलं तर थांबा, 'का?' विचारा आणि दुसरं वाक्य येईपर्यंत वाट बघा.