मक्यानंतरचा हरभरा पिवळा पडतोय? ॲट्राझिनबाबतच्या या चुका टाळा

मका काढून हरभरा पेरला, उगवण छान झाली आणि दोन-तीन आठवड्यांत खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपायला लागल्या. बुरशीनाशकाची आळवणी करण्याआधी मक्यात ॲट्राझिन किती मारले होते ते आठवा. हे तणनाशक प्रकाशसंश्लेषण रोखते, म्हणून बियाण्यातला साठा संपेपर्यंत रोप हिरवेच दिसते.

उरलेले ॲट्राझिन संपवायला मातीतले जिवाणू लागतात. त्यातला स्युडोमोनास एडीपी ॲट्राझिनमधला नत्र वापरून वाढतो. म्हणूनच ‘पीक पिवळे दिसतेय, युरिया टाकू’ हा उपाय उलटू शकतो. आयता नत्र मिळाला की अशा जिवाणूंचे ॲट्राझिन फोडण्याचे काम मंदावते.

दुसरी चूक म्हणजे नुसते महिने मोजणे. पाऊस लवकर गेला आणि रान कोरडे पडले, तर जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते. तो काळ हिशेबात धरू नका. जमीन वापशावर असेल तेवढेच दिवस खरे. सामू आठच्या आसपास असलेल्या आपल्या काळ्या जमिनीत ॲट्राझिन आधीच जास्त टिकते, तिथे तर फारच जपायला हवे.

याच्या उलटही घडते, आणि ते फार कमी जणांच्या लक्षात येते. दरवर्षी त्याच रानात ॲट्राझिन मारले की ते खाणारे जिवाणू वाढतात आणि तणनाशक काही दिवसांतच संपते. तण लवकर आले की आपण दुकानदाराला दोष देतो किंवा मात्रा वाढवतो. वाढवलेली मात्रा त्या जिवाणूंच्याच पोटात जाते! वेगळ्या गटाचे तणनाशक घ्या, पिकाची फेरपालट करा. कार्बोफ्युरान या कीटकनाशकाच्या बाबतीतही असेच होते.

रसायन फोडणाऱ्या जिवाणूंची बाटली विकत घेताना ती नेमक्या कोणत्या रसायनासाठी आहे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. कटकच्या उसाच्या मुळांजवळच्या मातीतून मिळालेला स्फिंगोबियम इंडिकम हा जिवाणू लिंडेन हे कीटकनाशक फोडतो म्हणून तो ॲट्राझिनही फोडेल, असे नाही. शिवाय फुटले म्हणजे निर्धोक झाले असेही नसते: क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक फुटून तयार होणारा टीसीपी हा पदार्थ जिवाणूंनाच मारक ठरतो.

पेरणीआधी एक चाचणी कराच. फवारलेल्या रानातली आणि कधीच न फवारलेल्या बांधावरची माती वेगवेगळ्या कुंड्यांत भरा, दोन्हींत हरभरा लावा. नुसती उगवण पाहून निर्णय घेऊ नका, तीन आठवडे थांबा. रानातल्या मातीतली रोपे करपली, तर यंदा तिथे पुन्हा मका किंवा ज्वारीच घ्या.