मायलेजची गाडी बांधताय? इंजिन उघडण्याआधी या चुका टाळा

शेल इको-मॅरेथॉन ही कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त अंतर जायची विद्यार्थ्यांची स्पर्धा. तिच्यासाठी गाडी बांधणारी मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न इंजिनाचाच येतो. कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवावं का? कॉम्प्रेशन वाढवलं तर? मी कॉलेजात असताना आमच्या टीमची गाडी चालवायचे, आता नव्या टीमना मदत करते. अनुभवाने सांगते, इंजिनापेक्षा चाकांपाशी इंधन वाचवणं जास्त सोपं असतं, आणि तिकडे कुणी वाकून बघत नाही.

साधा हिशेब करा. प्रोटोटाइप, म्हणजे फक्त मायलेजसाठी बांधलेल्या हलक्या गाड्यांच्या गटातली गाडी ५० किलोची आणि चालक ५० किलोचा धरा (त्या गटात चालकाचं किमान वजन तेवढं लागतंच). चांगले टायर असतील तर ताशी २५ किलोमीटरला अशी गाडी चालती ठेवायला साधारण ३.५ न्यूटन जोर पुरतो. बॅग मोजायच्या काट्यावर हे ३५० ग्रॅम भरेल. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली २० टक्के चाकापर्यंत पोचली तर कागदावर लिटरला १,८०० किलोमीटर निघतात. आता ब्रेकचा पॅड डिस्कला जरासा घासतोय आणि जोर १ न्यूटनने वाढलाय असं धरा. आकडा १,४०० वर येतो. हे ४०० किलोमीटर इंजिनातून परत मिळवायचे तर त्याची कार्यक्षमता २० वरून जवळजवळ २६ टक्क्यांवर न्यावी लागेल. पॅड मोकळा करायला पंधरा मिनिटं लागतात.

म्हणून चाक उचलून हाताने फिरवा आणि कान लावून ऐका. प्रत्येक चाक, ब्रेक दाबून सोडल्यावर पुन्हा एकदा. बेअरिंगमधलं घट्ट ग्रीस काढून पातळ तेल घाला. टायरमध्ये त्याच्या कडेवर छापलेल्या मर्यादेइतकी हवा ठेवा, आणि ती रोज मोजा.

सगळ्यात मोठा चोर मात्र अलाइनमेंट, म्हणजे चाकं नेमकी सरळ रेषेत आहेत की नाहीत ते. पुढचं चाक सरळ रेषेपासून फक्त १ अंश आत किंवा बाहेर वळलेलं असेल, तर दर किलोमीटरमागे ते साडेसतरा मीटर आडवं घासत जातं. डोळ्याला हा १ अंश दिसत नाही. आमच्या गाडीची चाकं आम्ही दोरी आणि ओळंबा लावून अगदी मन लावून सरळ केली होती, पण गाडी रिकामी असताना. मी आत आडवी झाले की तळ खाली दबायचा आणि पुढची दोन्ही चाकं फाकायची. हे कळायला आमचे तीन आठवडे गेले. अलाइनमेंट करताना चालक आतच हवा, हेल्मेट आणि पट्ट्यांसकट. चालकाला कंटाळा येईल, तरी हवा.

यालाच जोडून वजनाचा ध्यास. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या पॅक-कार टू या हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीने २००५ मध्ये, हायड्रोजनचा हिशेब पेट्रोलमध्ये मांडून, लिटरला ५,३८५ किलोमीटरचा विक्रम केला. ती गाडी जेमतेम २९ किलोची होती, हे वाचलं की मुलं चौकटीला भोकं पाडायला घेतात. पण ५ किलो कमी केल्याने वाचतो फक्त ०.१ न्यूटनच्या आसपास. त्या नादात चौकट लवचीक झाली, तर दहापट नुकसान चाकांतून होतं. आधी ताठपणा, मग वजन.

दुसरी मोठी चूक मोजमापाची. सपाट रस्त्यावर गाडी ताशी १५ किलोमीटरपर्यंत ढकलून सोडून द्यायची आणि किती लांब जाते ते बघायचं, ही फार चांगली चाचणी आहे. चांगली गाडी साडेतीनशे मीटरपर्यंत जाते, घासणारी गाडी निम्म्यात थांबते. पण 'सपाट' रस्त्याला ५०० मीटरमागे १ मीटर उतार असला, तरी १०० किलोच्या गाडीवर जवळपास २ न्यूटनचा फरक पडतो. असा उतार डोळ्याला कळतच नाही. एका टीमने नवे टायर टाकून गाडी दुप्पट लांब नेली आणि आनंदाने पेढे वाटले. नंतर लक्षात आलं की त्या दिवशी गाडी उलट दिशेने सोडली होती. दोन्ही दिशांनी सोडा, वारा पडलेला असताना, शक्यतो पहाटे.

इंधन मोजतानाही हेच. १५ किलोमीटरच्या धावेत लिटरला हजार किलोमीटर देणारी गाडी अवघं १५ मिलिलीटर पेट्रोल पिते. नळीत १ मिलिलीटरचा बुडबुडा राहिला की निकाल सहा-सात टक्क्यांनी खोटा. शिवाय २५० मिलिलीटरची टाकी उन्हात १० अंशांनी तापली, तर पेट्रोल दोन-अडीच मिलिलीटर फुगतं. सरावात पातळीची खूण बघत बसू नका. टाकी काढून सराफाकडे असतो तसल्या बारीक काट्यावर वजन करा. वजन उन्हाने बदलत नाही.

इंजिनाबद्दल थोडकंच. गवत कापायच्या मशीनमधलं होंडाचं ३५.८ सीसीचं जीएक्स ३५ पुष्कळ टीम वापरतात आणि सुरुवातीला ते जसं येतं तसंच पुरेसं आहे. इंजिन चालू करून वेग घ्यायचा, बंद करून गाडी वाहू द्यायची, अशीच ही गाडी चालते. तेव्हा इंजिन बंद असताना चेन त्याला ओढत तर नाही ना, एवढं नक्की तपासा.

तांत्रिक तपासणीत अडकलेली गाडी ट्रॅकवर जातच नाही. वर्षभर राबलेली मुलं तिथे रांगेत रडताना मी पाहिली आहेत, म्हणून कळकळीने सांगते. ब्रेकच्या दोन स्वतंत्र यंत्रणा लागतात आणि २० टक्के उतारावर त्यातल्या प्रत्येकीने एकटीने गाडी धरून ठेवावी लागते. दोन मीटरच्या भक्कम फळीचं एक टोक ४० सेंटीमीटर उचला, वर्कशॉपमध्येच उतार तयार. रोल-बारला, म्हणजे चालकाच्या डोक्यामागच्या संरक्षक कमानीला, ७०० न्यूटन भार सोसावा लागतो, म्हणजे साधारण ७० किलोच्या माणसाचं वजन. त्यावर खरंच कुणाला तरी भार द्यायला लावा. नियमावली दरवर्षी बदलते. सीनिअरच्या तोंडी माहितीवर विसंबू नका, त्या वर्षीची स्वतः वाचा.

चालकाला गाडीबाहेर पडायला १० सेकंद मिळतात. ऐकायला भरपूर वाटतात, पण पट्टे सोडून, झाकण उचलून, घामाने निसटणाऱ्या हातांनी बाहेर येताना ती फार थोडी असतात. रोज पाच वेळा सराव करा, एकदा डोळे बांधून.

आणि चालक शेवटच्या महिन्यात, वजनकाट्यावर बघून निवडू नका. गाडीबरोबर पहिल्या दिवसापासून असलेली व्यक्ती निवडा. बंद कवचाखाली दुपारी जीव कासावीस होतो, हवा यायला वाट नसेल तर पाचव्या फेरीत लक्ष उडतं आणि इंजिन बंद करायला उशीर होतो. मीच दोनदा असा उशीर केला होता. नंतर आम्ही प्रत्येक वळणाआधी खुणेचा खांब ठरवला: या खांबापाशी बंद, त्या झाडापाशी चालू. स्पर्धेच्या ट्रॅकवर पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी चालकाने तो पायी फिरावा आणि अशा खुणा वहीत उतरवाव्यात. कुठे चढ सुरू होतो, ते चालताना पोटऱ्यांना बरोबर कळतं.