डेस्कटॉप घेताना या चुका टाळा: आय-सेव्हन नंतर, अर्थिंग आधी

मुंबईत डेस्कटॉप घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आय-फाइव्ह घेऊ की आय-सेव्हन? ज्या प्लगला हा पीसी लागणार त्याला अर्थिंग आहे का, एसएमपीएस (मशीनच्या आत वीज पुरवणारा डबा) कुठला, यूपीएस केवढा, हे विचारणारा क्वचित भेटतो. दुरुस्तीला आलेली मशीनं उघडून बघा. प्रोसेसर जळालेलं जवळजवळ एकही नसतं. गेलेला असतो तो एसएमपीएस, नाहीतर मदरबोर्ड (पुढे नुसता 'बोर्ड'), नाहीतर डिस्क.

आय-सेव्हनचं आधी संपवतो. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात काय किंवा ऑनलाइन काय, 'आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी' असा अख्खा सेट निम्म्या किमतीत दिसतो आणि लोक उड्या मारतात. आय-सेव्हन म्हणजे कितव्या पिढीचा? ३७७० असेल तर तो तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा. २०२२ मध्ये आलेला आय-थ्री १२१०० त्याला सहज मागे टाकतो, कोअर दोघांचेही चारच असले तरी. जुना प्रोसेसर वापरलेल्या मशीनमधून काढलेला असतो, खालचा बोर्ड त्याच जुन्या चिपसेटवर नव्याने बनवलेला, म्हणून खोका नवा कोरा दिसतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर चालतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे ज्या मशीनवर तुम्ही बँकेचे व्यवहार आणि गिऱ्हाइकांचे कागद ठेवणार, ते घेतल्या दिवसापासूनच मागे पडलेलं. आय-फाइव्ह, आय-सेव्हनच्या पुढचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार आकडा सांगायला टाळाटाळ करत असेल तर पुढच्या दुकानात जा, तिथे दुकानांची कमी नाही.

त्याच आकड्याच्या शेवटी 'एफ' असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड घेतलं नाही तर घरी येऊन सगळं जोडल्यावर स्क्रीन काळीच राहते. एएमडीच्या रायझन ५६०० चंही तेच, ५६००जी मात्र चालतो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, वीज.

लालबागच्या एका जुन्या चाळीत, तळमजल्यावर, दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न करून देणारे एक काका आहेत. त्यांच्या पीसीचे आधी पुढचे यूएसबी पोर्ट गेले, मग लॅनचा पोर्ट, मग बोर्डच. विकणाऱ्याने वॉरंटीत बोर्ड बदलून दिला आणि 'व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, स्टॅबिलायझर लावा' असं सांगून मोकळा झाला. काकांनी स्टॅबिलायझर लावला. प्रिंटरची वायर लावताना ठिणगी उडाली आणि नवा बोर्डही गेला, तोही १९ तारखेच्या संध्याकाळी. २० ही थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख. मी पोचलो तेव्हा काका म्हणाले, "कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात रे, पण ते सगळ्याच कॉम्प्युटरला असतं ना?"

नसतं. सॉकेटला मल्टिमीटर लावला. फेज (वीज आणणारी वायर) ते न्यूट्रल (परतीची वायर) २३० व्होल्टच्या आसपास, ठीक. फेज ते अर्थ, काहीच नाही. सॉकेट उघडलं तर मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. तीन पिनचं सॉकेट बसवून वायरमन निघून गेला होता.

एसएमपीएसमध्ये येणाऱ्या विजेचा गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेला. अर्थ असेल तर ती किंचित गळती जमिनीत जाते. अर्थ नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे शंभर-सव्वाशेवर, तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, माणसाला नुसत्या झिणझिण्या. पण अशा मशीनला तुम्ही चालू असताना प्रिंटर किंवा टीव्ही जोडता तेव्हा तो सगळा फरक पोर्टमधल्या नाजूक चिपमधून जातो. स्टॅबिलायझर याला काहीही करू शकत नाही. आणि एसएमपीएसच्या आत इन्सुलेशन फाटलं, तर त्याच पत्र्यावर पूर्ण फेज येतो. घरात लहान मूल असेल तर हे वाक्य परत वाचा.

उपाय साधा होता. मीटरच्या खोलीतल्या अर्थपासून हिरवी वायर ओढून घेतली, विजेच्या स्विचबोर्डावर ३० मिलिअँपिअरचा, गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर बसवला. त्यानंतर काकांचा एकही पोर्ट गेलेला नाही. मी कुठल्याही घरी मशीन लावायला गेलो की खोका उघडायच्या आधी सॉकेट तपासतो. लोकांना तेवढाही धीर नसतो. 'आधी चालू तर करून दाखवा' म्हणतात. अर्थ मिळेपर्यंत मी चालू करत नाही.

त्या रात्री काकांचे रिटर्न गेले ते केवळ डिस्क वाचली म्हणून. ती काढून दुसऱ्या मशीनला लावली. बॅकअप कुठे आहे विचारलं तर म्हणाले, डी ड्राइव्हवर. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन खणं, डिस्क गेली की दोन्ही गेली. ही चूक मला सीएंच्या ऑफिसातही दिसते, डॉक्टरांकडेही. एक्स्टर्नल डिस्क दोन ठेवा, आलटून पालटून वापरा, आणि एक नेहमी दुसऱ्या जागी असू द्या. बॅकअप झाला की वायर काढून ठेवा. जोडलेली राहिली तर व्हायरस तिचंही वाटोळं करतो.

कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस वापरू नका. वर ४५० वॅट छापलेलं असतं, हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका. काच आणि रंगीत पंख्यांवर चार हजार घालवणारे लोक इथे हजार रुपये वाचवतात, याचा मला खरंच राग येतो. नाव असलेल्या कंपनीचा, ८० प्लस छाप (वीज कमी वाया जाते याची खूण) असलेला घ्या.

'मुंबईत लाइट कुठे जाते, यूपीएस कशाला?' १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद. घरून काम करणाऱ्यांची भरलेली पानं क्षणात गेली. शिवाय इमारतीत एमसीबी पडणं, एसीचा झटका, हे चालूच असतं. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, साध्या पीसीला दहा-पंधरा मिनिटं. काम सेव्ह करून बंद करायला तेवढं पुरतं. बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, मी बदलली की तिच्यावर मार्करने तारीख लिहितो. लेझर प्रिंटर यूपीएसला लावू नका. त्याच्या आतला हीटर एकदम इतकी वीज खेचतो की यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पडतं.

प्रिंटरचं एवढंच: महिन्यातून चार पानं काढणाऱ्याने शाईचा घेऊ नये, हेड सुकतं. लेझर घ्या.

कॅबिनेट आणि एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका. पाणी तुंबणाऱ्या हिंदमाता, कुर्ला, सायनच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे सांगावं लागू नये, तरी दर पावसाळ्यात सांगावं लागतं. पावसाळ्यात गावी जाऊन आल्यावर मशीन चालू होत नसेल, नुसते बीप येत असतील, तर लगेच नवा बोर्ड घ्यायला धावू नका. प्लग काढा, रॅम काढा, तिच्या सोनेरी कडा स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, परत नीट टक आवाज येईपर्यंत बसवा. समुद्राच्या हवेत या कडांवर थर धरतो, बऱ्याचदा तेवढंच असतं. मशीन वापरात नसलं तरी दोन-चार दिवसांनी अर्धा तास चालू ठेवा.

कच्च्या बिलावर घेऊ नका. धंद्यासाठी असेल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर हवा, नाहीतर त्या अठरा टक्क्यांचं क्रेडिट मिळत नाही. आणि बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, प्रत्येकाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. दुकानातून निघायच्या आधी ते नंबर खोक्यांवरच्या आणि मशीनच्या आतल्या नंबरांशी तिथेच ताडून बघा, मागे रांग असली तरी.