जन्मदाखल्यापासून शेवंतीपर्यंत: फ्रान्सला शिकायला निघताना

सगळ्यात आधी जन्मदाखला काढून बघा. त्यावर तुमचं नाव आहे का? बऱ्याच जणांच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी असते, कारण नोंद दवाखान्यातून लगेच झाली आणि बारसं नंतर. फ्रान्समध्ये आरोग्यविम्याचा कायमचा नंबर मिळवताना हाच कागद मागतात. तो आई-वडिलांच्या नावांसकट पूर्ण हवा आणि स्पेलिंग पासपोर्टशी जुळायला हवं. नाव नसेल तर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत ते चढवून नवी प्रत घ्या, मग राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का), आणि शेवटी शपथबद्ध अनुवादकाकडून फ्रेंच भाषांतर. हा क्रम उलटवू नका. भाषांतर आधी केलं तर मागून लागलेला शिक्का त्यात येत नाही आणि पैसे पुन्हा मोजावे लागतात. हे काम इथेच उरकलेलं बरं, नाहीतर तिकडून फोन करून आई-वडिलांना कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला लावावं लागतं.

वडिलांच्या नावाचंही एकदा बघून ठेवा. पासपोर्टवर ते तुमच्या नावाला जोडून आलं असेल, तर फ्रेंच कारकून त्याला तुमचंच दुसरं नाव समजतो. त्याने काही बिघडत नाही, मात्र विद्यापीठ, बँक, विमा सगळीकडे अक्षर न् अक्षर तसंच लिहा. एका ठिकाणी गाळलं की दोन वेगळी माणसं तयार होतात.

कँपस फ्रान्स या, फ्रान्समध्ये शिकायला येणाऱ्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या पोर्टलवरचा अर्ज, मुलाखत आणि त्यानंतर व्हिसा, हा रस्ता ठरलेला आहे. व्हिसासाठी दरमहा ६१५ युरो हा किमान खर्चाचा आकडा वर्षानुवर्षं धरला जातो, पण त्याला बजेट समजू नका. पॅरिसात तेवढ्यात नुसती खोलीही मिळेलच असं नाही. घरभाड्याची सरकारी मदत मिळणारच असं धरून हिशेब मांडू नका, तिचे नियम बदलत असतात. अर्धवेळ कामावरही फार भिस्त ठेवू नका. विद्यार्थ्याला वर्षाला ९६४ तास कामाची मुभा आहे, पण पहिल्या सहामाहीत भाषा आणि अभ्यास यांतून तेवढा वेळ निघत नाही.

घराच्या बाबतीत अडतं ते जामिनावर. घरमालक फ्रान्समध्ये कमावणारा, बहुधा भाड्याच्या तिप्पट पगार असलेला जामीन मागतो. तो आपल्याकडे कुठून असणार? त्यासाठी 'व्हिझाल' ही मोफत हमी आहे. व्हिसा हातात आला की तिचा अर्ज भरा, आणि करारावर सही करण्याआधी प्रमाणपत्र मिळवा, नंतर उपयोग नाही. फर्निचरसकट खोलीला अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत असू शकते. करार हाती नसताना एक युरोही पाठवू नका. ऑगस्ट-सप्टेंबरात खोट्या जाहिरातींचं पीक येतं. किल्ली घ्यायच्या दिवशी घराचा विमा चालू असायला हवा. त्याच वेळी खोलीची अवस्था लिहून घेतात, त्याला 'एता दे लिय' म्हणतात. भिंतीवरचा ओरखडा, गळका नळ, गादीवरचा डाग, सगळ्याचे फोटो काढा आणि कागदात नोंदवून घ्या, नाहीतर जाताना अनामतीतून कापतात. टपालपेटीवर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवायलाही विसरू नका. नाव नसेल तर पोस्टमन बँकेचं कार्ड परत पाठवतो.

विमानाचं तिकीट शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी पोचेल असं काढू नका. वसतिगृहाची कचेरी बंद, आणि रविवारी दुपारनंतर बरीच किराणा दुकानंही बंद.

बॅगेत कुकर न्यायचाच असेल तर इंडक्शनवर चालणारा, स्टीलचा, दोन-तीन लिटरचा न्या. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत गॅस क्वचितच असतो आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. जोडीला एक जादा रिंग ठेवा. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे, पण आपली जाड तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटात जात नाही, तेव्हा ॲडॉप्टर घ्या. गोडा मसाला, बाकरवडी, लोणचं खुशाल न्या. साजूक तूप, पेढे, खवा मात्र नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि आंबेही घरीच ठेवा. डाळीचं ओझं कशाला? पॅरिसच्या ला शापेल भागात सगळं मिळतं.

पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्या. राहिलं तर मुक्काम बेकायदेशीर ठरतो. विद्यापीठात नाव नोंदवण्याआधी सीव्हीईसी हे विद्यार्थी-शुल्क भरावं लागतं. ते साधारण शंभर युरोंच्या घरात असतं, इथूनही भरता येतं. बँक पत्त्याचा पुरावा मागते आणि घरमालक बँकखातं मागतो. हा गुंता वसतिगृहाच्या किंवा यजमानाच्या निवासपत्राने सुटतो, म्हणून ते पहिल्याच दिवशी मागून घ्या.

गुण वीसपैकी मिळतात आणि दहाला पास. १४ म्हणजे चांगले, १६ म्हणजे उत्तम. २० कुणालाही मिळत नाहीत असं समजून चला. १२ आले म्हणून घरी रडका फोन करू नका.

भाषेत आकडे आधी पक्के करा. फोननंबर दोन-दोन अंकांच्या जोड्यांनी सांगतात आणि ९५ म्हणजे 'चार-वीस-पंधरा'. ऐकता ऐकता ४ लिहून बसाल. 'एकोणऐंशी' म्हणणाऱ्यांनी यावर हसू नये. दुकानात शिरताना आधी 'बोंझूर' (नमस्कार), मग काम. थेट 'पाव द्या' म्हटलं की समोरचा थंड होतो, आणि लोक उगाच फ्रेंच उद्धट असतात म्हणतात. प्राध्यापकांना 'तू' नको, 'वू' (म्हणजे 'तुम्ही') म्हणा. पॅरिसच्या लूव्र आणि ओर्से या संग्रहालयांत २६ वर्षांखालच्या युरोपीय रहिवाशांना प्रवेश मोफत असतो, आणि तुमचा दीर्घ मुदतीचा व्हिसा हाच रहिवासाचा पुरावा, तेव्हा पासपोर्ट बरोबर न्या. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी वारसा दिवस असतात. एरवी बंद असलेल्या सरकारी इमारती आतून बघायला मिळतात.

कुणी घरी जेवायला बोलावलं तर दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोचा, आधी मुळीच नाही. मांस किंवा अंडं खात नसाल तर निमंत्रण स्वीकारतानाच सांगा, पानावर बसल्यावर नाही. हातात काहीतरी असू द्या: मिठाई, वाईन किंवा फुलं. फुलांत शेवंती तेवढी नको. आपल्याकडे ती देवाला वाहतात, तिथे १ नोव्हेंबरच्या सुमारास थडग्यांवर ठेवतात.